झिराडकर काकांची बाभूळ

सहलीचा कागद व्हॉट्सॲपवर आला तेव्हाच माझं डोकं फिरलं. वर ठळक अक्षरांत "वारसा, इतिहास, निसर्ग" आणि खाली अर्ध्या अर्ध्या तासाचं वेळापत्रक. इस्राएलमधल्या एका शाळेची बावीस मुलं दिल्लीत येणार होती आणि इथल्या ज्यू मंडळींपैकी कुणीतरी त्यांच्याबरोबर एक सकाळ फिरायचं होतं. कुणीतरी म्हणजे मी. दिल्लीत आम्ही आहोतच मुळी मूठभर. त्यातले निम्मे गुडघ्यांनी अडलेले, बाकीचे "ऑफिस आहे यार" म्हणून सुटलेले. मी निवृत्त, म्हणजे रिकामी, असा सगळ्यांचा पक्का समज आहे.

साडेदहाच्या रकान्यात लिहिलं होतं, "दिल्लीच्या ज्यू मुलांनी लावलेली बाभूळ. कराराचा कोश, म्हणजे मोझेसच्या दहा आज्ञांची पेटी, याच झाडाच्या लाकडाचा होता." ते वाचून मी फोन पालथा घातला आणि उगाचच चहा टाकला. ते झाड बाभूळ नाही. मला हे तेराव्या वर्षापासून माहीत आहे. ज्यांनी ते आमच्याकडून लावून घेतलं त्या झिराडकर काकांना मी तेव्हाच तोंडावर सांगितलं होतं, आणि ते माझ्याकडे बघून फक्त "बरं" म्हणाले होते. आता काका इस्राएलमध्ये अश्दोदला आहेत, नव्वदी ओलांडलेले. त्यांची नात त्या बावीस मुलांत आहे, आणि वेळापत्रकात हे बाभळीचं प्रकरण तिनंच घुसवलंय हे सांगायला ज्योतिषी नको होता.

लेक म्हणाली, "आई, इतकं काय टेन्शन घेतेस? झाड दाखव आणि चल परत. बिल्कुल सिंपल."

काही सिंपल नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसानं आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट माझ्या हातून दुसऱ्यांदा मोडणार होती.

फरीदाबादहून मेट्रोनं निघाले. वेळ हाताशी होता म्हणून मुद्दाम आर. के. पुरममधल्या आमच्या जुन्या सेक्टरमधून चालत गेले. हे मी का केलं, देव जाणे. फेब्रुवारीची सकाळ, हवेत थंडीचा उरलासुरला धूर, फुटपाथवर काटेसावरीची जाडजूड लाल फुलं पडलेली आणि त्यांच्यावरून स्कूटरी चाललेल्या. आमचा ब्लॉक कुठला हे मला ओळखता येईना. कोपऱ्यावरचा कडुनिंब तेवढा ओळखीचा वाटला, पण कडुनिंब काय, सगळे सारखेच दिसतात. झाडांच्या बाबतीत मी आता कसलीच खात्री देत नाही.

त्या सेक्टरमध्ये बंगाली होते, तमिळ होते, पंजाबी होते, नागपूरकडची बौद्ध कुटुंबं होती, आणि आम्ही. बेने इस्राएल, मूळचे अलिबागकडचे, घरात मराठी बोलणारे, शनिवारी चूल न पेटवणारे. हे इतकं सगळं कुणाला सांगणार? "आप लोग क्रिश्चन हो?" हा प्रश्न वर्षातून निदान पन्नास वेळा यायचा. बाबा प्रत्येकाला बसवून, पाणी देऊन, दोन हजार वर्षांपूर्वी नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजापासून सुरुवात करायचे. आई कढई गॅसवर असली की नुसतं "हाँ जी" म्हणून दार लावून घ्यायची. मला आईचं पटायचं.

आमच्या दाराच्या चौकटीवर मझुझाह होती. छोटीशी पत्र्याची डबी, आत पवित्र वचनांचा गुंडाळलेला तुकडा. येताजाता तिला बोटं लावून ओठांना लावायची. दर काही वर्षांनी सरकारी रंगारी यायचे आणि चौकटीबरोबर तिलाही हिरवा ऑइलपेंट फासून जायचे. आई सुरी घेऊन खरवडत बसायची आणि रंगाऱ्यांचा उद्धार करायची. एकदा वीजवाल्यानं ती घंटी समजून दाबून बघितली आणि "बहनजी, खराब है" म्हणून स्क्रू काढायला घेतला. त्या दिवशी आई जे ओरडली ते समोरच्या बंगाली काकू निवृत्त होईपर्यंत सांगत होत्या.

शुक्रवार मात्र शांत असायचा. सकाळी आई काळ्या मनुका भिजत घालायची, दुपारी त्या हातानं कुस्करून, गाळून शरबत करायची. दुसरीकडचे ज्यू लोक ज्या आशीर्वादासाठी वाइन घेतात, तो आम्ही त्या शरबतावर म्हणायचो. संध्याकाळी दिवे लागले की सगळ्या क्वार्टरला त्या मनुकांचा आंबूसगोड वास यायचा, त्यात नारळाच्या दुधातल्या कालवणाचा वास मिसळायचा, आणि खालून कुणाच्यातरी रेडिओवर बातम्या चालू असायच्या. परवा मी तसंच शरबत केलं. लेक म्हणाली, "छान आहे, पण हे आपण घरी का बनवतो? रेडीमेड मिळतं ना." मी तिचा ग्लास पुन्हा भरला. बोलून उपयोग नसतो.

तर झिराडकर काका. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, पँट घोट्याच्या वर, ऐन डिसेंबरात हातात छत्री. त्यांच्या गच्चीवर रविवारी सकाळी आम्हा सात मुलांची शाळा भरायची. हिब्रू अक्षरं शिकवता शिकवता मधेच कोकणातल्या गोष्टी, मधेच एखादं स्तोत्र कीर्तनाच्या चालीवर, मांडीवर ताल धरून. काकू वर गरम शेंगदाणे पाठवायच्या. उन्हात बसून पाठ तापायची, पाय मात्र गार. मला ती शाळा आवडायची असं तेव्हा मी मेले तरी कबूल केलं नसतं.

आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा काकांची सहल. त्या सहलींचंही नाव तेच, "वारसा, इतिहास आणि निसर्ग". म्हणजे हे शब्द काही त्या वेळापत्रकवाल्यांनी शोधलेले नाहीत. बसनं जायचं, पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी बरोबर, एक उकडलेलं अंडं प्रत्येकी. तुघलकाबाद असो की हौज खास, काका कुठल्याही मकबऱ्यासमोर उभे राहून एकच प्रश्न विचारायचे, "इथं पाणी कुठून येत असेल?" कोण सुलतान, कधी मेला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मग छत्रीच्या टोकानं झाडं दाखवायचे. त्यांना दिल्लीतली झाडं येत नव्हती. कोकणातला माणूस, त्याला आंबा, फणस, सुपारी, उंडी. इथलं प्रत्येक अनोळखी झाड त्यांच्या मते "त्याच जातीतलं" असायचं. कुठल्या जातीतलं ते विचारायचं नाही.

माघाच्या आसपास एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचा उरूस यायचा. झाडांचा वर्षारंभ. अलिबागजवळच्या एका खडकावर संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात, तिथं त्या दिवशी मलिदा होतो. दिल्लीत खडक नाही, पण मलिदा व्हायचा. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात मुंबईहून कुणी ओळखीचं उतरलं की त्यांच्या बॅगेतून आमचे पोहे आणि नारळ यायचे. पोहे भिजवून, त्यात खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं आणि गुलाबाची पाकळी. काका प्रत्येक फळाचा आशीर्वाद वेगळा म्हणून घ्यायचे. केळं झाडाचं फळ नव्हे, जमिनीचं, हे आम्हाला बजावून सांगायचे. जो माणूस केळ्याच्या बाबतीत इतका काटेकोर, त्यानं बाभळीच्या बाबतीत असा घोळ घालावा याचा मला आजही राग येतो.

झाड लावलं त्या वर्षी मी दहा वर्षांची होते. काका म्हणाले, यंदा उरूसाला आपण झाड लावायचं, आणि तेही साधंसुधं नाही. कराराचा कोश बाभळीच्या लाकडाचा होता, तर आपण बाभूळ लावू. मोझेसनं वाळवंटात केलं ते आपण आर. के. पुरममध्ये करू. आम्ही मुनिरकाच्या बाजूच्या रिजवर, खडकाळ टेकाडावरच्या रानात, गेलो. एका पडक्या भिंतीशेजारी काकांना हवं ते रोप सापडलं. त्यांनी ते उपटलं आणि तिथून दहा पावलांवर पुन्हा लावायला घेतलं. "काटे आहेत, पानं बारीक आहेत. बाभूळच." तिथं सरकारी नळावर बसलेला एक माळी बघत होता. तो म्हणाला, "साब, ये तो अपने आप उगता है. इसको कौन लगाता है?" काका म्हणाले, "हम लगाते हैं." आजूबाजूला नजर जाईल तिथपर्यंत तेच झाड होतं. हजारोंच्या जंगलात आम्ही आणखी एक लावत होतो, तेही मलिद्याची ताटली हातात धरून.

पण लावलं. काकांनी आमच्या सातजणांची नावं पत्र्यावर खिळ्यानं कोरली, हिब्रूत आणि मराठीत, आणि तो पत्रा तारेनं रोपाला बांधला. मग पाळ्या लावल्या. रोज संध्याकाळी एकानं एक लोटा पाणी घालायचं. मे महिन्यात लू वाहत असताना मी माझ्या सोमवारी डोक्यावर ओला रुमाल घेऊन त्या झाडापर्यंत जायची. पाण्याचा तो पत्र्याचा लोटा गरम व्हायचा, हाताला त्याचा वास यायचा, आणि पाणी मातीत पडलं की जो आवाज व्हायचा, फस्स, तो मला अजून ऐकू येतो. झाडाला त्या पाण्याची काडीची गरज नव्हती हे मला पुढे कळलं. ते दगडातही उगवतं.

तेराव्या वर्षी शाळेच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बाभळीचं चित्र आलं. फूल गोल, पिवळं, मोत्याच्या मण्याएवढं. मी आमच्या झाडाकडे गेले. झाडाला पहिल्यांदाच फुलं आली होती. लांबुडकी, तुऱ्यासारखी, फिकट पिवळी. गोल एकही नाही. मी एक तुरा तोडला आणि रविवारी गच्चीवर गेले. सगळी मुलं होती, दोघातिघांचे आईवडीलही होते, कारण त्या दिवशी काका नेमका कोशाचाच अध्याय घेणार होते. मी तो तुरा त्यांच्या पुस्तकावर ठेवला आणि म्हणाले, "काका, बाभळीचं फूल गोल असतं. हे बघा. ही बाभूळ नाही. तुम्ही चुकलात."

कुणीतरी हसलं. काकांनी तुरा उचलला, चष्मा वर करून पाहिला. म्हणाले, "अजून फुलं येऊ देत. मग बघू." मी म्हणाले, "कितीही आली तरी लांबच येणार." तेव्हा त्यांनी तो तुरा शर्टच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. रागावले नाहीत, समजावलं नाही, चूक कबूलही केली नाही. पुढच्या उरूसाला आम्ही झाडाकडे गेलो नाही, प्राणिसंग्रहालयात गेलो. त्याच्या पुढच्या वर्षी काका, काकू आणि त्यांचा मुलगा कायमचे इस्राएलला गेले. मग एकेक करून बाकीचेही गेले. तेव्हापासून ते "बरं" माझ्या डोक्यात अडकून बसलंय. भांडता आलं असतं तर बरं वाटलं असतं. काकांनी मला भांडायची संधीच दिली नाही.

बस रिजवर साडेदहाला यायची ती अकराला आली. बावीस मुलं उतरली, बावीस पाण्याच्या बाटल्या, चव्वेचाळीस कानांत काहीतरी खुपसलेलं. टीचर उंच, गळ्यात शिट्टी, हातात प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद. त्यावर बाभळीचा रंगीत फोटो, आणि फोटोत गोल गोल पिवळी फुलं. 

एक मुलगी पुढे आली. सोळा-सतराची, कुरळे केस, झिराडकरांचं कपाळ. "मी नोआ," ती म्हणाली. पुढचं तिनं पाठ केलं असावं. "आजोबा सांगितला, तुम्हाला मावशी म्हणायचा."

"म्हण बाई," मी म्हणाले. तिच्यावर चिडायला जमेना, याचाही मला राग आला.

तिथला निसर्ग समजावून द्यायला एक तरुण नेमला होता, गळ्यात दुर्बीण, उत्साह ओसंडून चाललेला. त्यानं मुलांना आधी हातमोजे वाटले आणि मग सांगितलं की समोर जे जंगल दिसतंय ते खरं जंगलच नाही. हा विलायती कीकर, बाहेरून आणलेला, यानं इथली सगळी जुनी झाडं मारून टाकली, पाणी पिऊन टाकलं, पक्षी घालवले. आता आपण त्याची छोटी रोपं उपटणार आहोत. मोठी झाडं पुढच्या आठवड्यात कापतील, ज्यांच्यावर लाल खूण आहे ती. मुलं आनंदानं कामाला लागली. उपटायला सांगितलं की मुलांना काय हवं असतं?

मी भिंत शोधत गेले. भिंत होती. तिथून दहा पावलांवर आमचं झाड, दोन मजली उंच, फांद्या लोंबकळलेल्या, वाळक्या शेंगांनी भरलेलं. पत्रा नव्हता. पण खोडाला एके जागी घडी पडली होती आणि त्या घडीतून तारेचं एक गंजकं टोक बाहेर आलं होतं. झाडानं बाकीची तार पोटात घेतली होती. त्याच्या दोन बोटं वर लाल रंगाची फुली. मी तिथं उभी राहिले आणि मला रडू यायला लागलं. विलायती कीकरासाठी कुणी रडतं का? पण आलं.

पाठीमागून टीचरची शिट्टी ऐकू आली, सगळी मुलं इकडेच येत होती. मी त्या दुर्बीणवाल्याला बाजूला घेतलं. "भैया, पाँच मिनट कुछ मत बोलना."

त्यानं झाडाकडे पाहिलं, टीचरच्या हातातल्या फोटोकडे पाहिलं. "मैम, लेकिन ये तो..."

"मुझे पता है. तुम पैदा नहीं हुए थे, तब से पता है."

त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. शहाणा मुलगा. टीचरनं कागद वर धरून काहीतरी वाचलं, मुलांनी झाडाचे फोटो काढले, एकानं फुलं कुठायत म्हणून विचारलं. मी म्हणाले, आत्ता मोसम नाही. हे खरं होतं. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात नोआनं फोन काढला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते आणि आजोबा उठून बसलेच असणार होते. मी नको नको म्हणेपर्यंत पडद्यावर एक भलामोठा कान आला. काकांनी फोन कानाला लावला होता. तिनं हिब्रूत ओरडून सांगितलं तेव्हा कान बाजूला झाला आणि चेहरा आला. बारीक झालेला, दात नसलेला, पण चष्मा कपाळावर तसाच.

"कोण आहे?"

"मी, काका. आर. के. पुरम, सेक्टर चार."

"सोमवारवाली?"

"हो."

"झाड आहे?"

"आहे."

"केवढं झालं?"

"दोन मजली."

"आणि तार?"

"पोटात घेतली त्यानं."

ते हसले, मग खोकले. मागे कुणीतरी भांडी लावत होतं. खोकला थांबेना. "काका?"

"फुलं येतात का गं?"

"येतात. आत्ता नाहीत."

"कशी येतात?"

"पिवळी."

"रंग नाही विचारत. आकार."

दुर्बीणवाला माझ्याकडे बघत होता. नोआ बघत होती, मराठी कितपत समजत होतं कोण जाणे. लाल फुली माझ्या कानाशी होती. मी म्हणाले, "गोल, काका. अगदी गोल."

पडद्यावरचा चेहरा हलला नाही. मग काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"खोटं बोलायला फार वर्षं लावलीस," ते म्हणाले. "तुझा तो तुरा माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे अजून. लांबडा."

 माझा सगळा राग एकदम वर आला. "मग तेव्हा बोलला का नाहीत? माहीत होतं तर तेव्हा का नाही बोललात?"

"सहा मुलं पाणी घालत होती ना गं त्याला," काका म्हणाले. "तुझ्या एकटीच्या हातात फूल होतं. बाकीच्यांच्या हातात लोटे होते."

मी खोडाला हात लावून उभी राहिले. काटे लागत होते.

"तुझ्या कानाशी लाल फुली दिसतेय. कापणार आहेत ना?"

"पुढच्या आठवड्यात."

"कापू देत. तिथं खरी बाभूळ असेल की एखादी. मुलांना ती दाखव. आणि आपण चुकलो होतो, हेही सांग." त्यांना दम लागला होता. "तूच सांग. तुला सवय आहे."

बावीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी डोळे पुसले, फोन जवळ धरला आणि म्हणाले, "बरं."